तीन सेलची टॉर्च, रिचार्जेबल सेल आणि बल्ब: जोडी जुळवायची कशी?

बांधावरचा

नमस्कार मंडळी. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला असली की पाणी द्यायला अंधारातच जावं लागतं, त्यासाठी टॉर्च हवी आहे. हाताशी जाड ॲल्युमिनियमची, तीन मोठ्या (डी) सेलची टॉर्च आहे. तोंड मोठं, रिफ्लेक्टर साधारण ५२ मिमी. सध्या साधे कोरडे सेल आणि ३.८ व्होल्टचा बल्ब लावतो. उजेड पिवळट पडतो आणि सेलचा खर्च परवडत नाही.

हवं ते असं: २०० मीटरवरचा बांध आणि विहिरीचा काठ स्पष्ट दिसावा. सलग तीन तास चालावी. सेल घरी चार्ज करता यावेत. कोणी १८६५० (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम सेल) म्हणतं, कोणी हॅलोजन, कोणी एलईडी. कोणते सेल आणि त्यावर कोणता बल्ब, हे आकड्यांसह सांगाल का?

मिलीओहम

आधी तुमच्याच टॉर्चमधली एक गोष्ट पाहा. तीन कोरडे सेल म्हणजे ४.५ व्होल्ट, मग बल्ब ३.८ चा का? कारण कोरड्या सेलचा अंतर्गत रोध जास्त असतो. अर्धा अँपिअर ओढला की व्होल्टेज खाली बसतं आणि सेल जुना होईल तसं आणखी बसतं. बल्ब बनवणारा हे धरूनच रेटिंग देतो. म्हणून सेलवर छापलेल्या व्होल्टेजवरून बल्ब निवडू नका. टॉर्च पेटलेली असताना बल्बच्या दोन टोकांवर मल्टिमीटर जे दाखवतो, त्यावरून निवडा.

आता रिचार्जेबलकडे. एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड) सेलवर १.२ छापलेलं पाहून लोक तो कमजोर समजतात. पण तो लोडवरही १.२ च्या आसपास टिकतो आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटं सोडली तर फारसा घसरत नाही. तीन सेल म्हणजे ३.६. यावर ३.८ चा बल्ब लावला तर उजेड साधारण सहावा हिस्सा कमी पडतो. ३.६ व्होल्ट, ०.५ अँपिअरचा कॉलरवाला बल्ब (पीआर३) लावला की जोडी बरोबर बसते. मात्र हा दोन वॉटचासुद्धा बल्ब नाही. २०० मीटर त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

लिथियम-आयनचा स्वभाव वेगळा. पूर्ण भरलेला ४.२, बराच वेळ ३.६-३.७, रिकामा होताना ३ च्या खाली. म्हणजे एकाच चार्जमध्ये सव्वा व्होल्टचा फरक, आणि तारेचा बल्ब असा फरक सहन करत नाही.

तंतू

मिलीओहम यांच्या शेवटच्या वाक्याला आकडे जोडतो. तारेच्या बल्बचं साधारण गणित असं: उजेड व्होल्टेजच्या सुमारे साडेतीनाव्या घातानं वाढतो, आयुष्य सुमारे बाराव्या घातानं घटतं, करंट मात्र जेमतेम वर्गमुळाच्या चालीनं वाढतो.

उदाहरण म्हणून ओसराम ६४२५० घ्या. ६ व्होल्ट, २० वॉट, दोन पिनांचा जी४ हॅलोजन, आयुष्य १०० तास. हा मुळात सूक्ष्मदर्शकाचा दिवा आहे, त्यामुळे प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मागा. ६ व्होल्टवर तो ३.३ अँपिअर घेतो. सहा एनआयएमएच सेल लावून ७.२ वर नेला, म्हणजे २० टक्के जास्त दिलं, की करंट ३.७ पर्यंत जातो, उजेड जवळजवळ पावणेदोन ते दुप्पट होतो आणि आयुष्य १०० तासांवरून दहा-अकरा तासांवर येतं. टॉर्चसाठी हा सौदा चालतो, कारण रंग पिवळा न राहता शुभ्र होतो. पण ७.२ ऐवजी ८.२ दिलं तर आयुष्याचे तास उरतच नाहीत, बटण दाबताक्षणी तार उडू शकते.

तार उडण्याचं दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. त्यामुळे पहिल्या क्षणी दहापट करंट धावतो. चार्जरवरून नुकते काढलेले सहा एनआयएमएच सेल विश्रांतीत साडेआठ व्होल्टच्या आसपास दाखवतात. तशा गरम सेलवर बल्ब लावू नका. तासभर ठेवा, किंवा बल्बच्या मालिकेत एनटीसी थर्मिस्टर घाला. तो थंड असताना रोध देतो आणि तापला की बाजूला होतो. निवडताना त्याचा कायमचा करंट बल्बच्या करंटपेक्षा जास्त आहे ना, ते पाहा.

बांधावरचा

मग तीन डीच्या जागेत तीन लिथियम सेल घातले तर?

तंतू

भरलेले तीन म्हणजे १२.६ व्होल्ट. तुमचा ३.८ चा बल्ब डोळा मिटायच्या आत जाईल. १२ व्होल्टचा बल्ब लावायचा तर ओसराम ६४६१० आहे, ५० वॉट, १६०० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप), आयुष्य ५० तास. पण तो चार अँपिअरच्या वर ओढतो. ३००० एमएएच (मिलीअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) असलेल्या १८६५० वर ४० मिनिटांत खेळ संपतो आणि टॉर्चचं तोंड हातात धरवत नाही. तुमच्या तीन तासांच्या गरजेला हे उत्तर नव्हे.

तारेच्या बल्बचाच आग्रह असेल तर दोन ३२७०० आकाराचे लिथियम आयर्न फॉस्फेट सेल घ्या. सौर दिव्यांत हेच असतात, त्यामुळे सहज मिळतात. एकाचे ३.२, दोनाचे ६.४ व्होल्ट, साधारण ६००० एमएएच. लोडवर आणि तारांत थोडं पडून बल्बला सहाच्या थोडं वर मिळतं, म्हणजे ६४२५० ला जे हवं तेच. फॉस्फेटचा आलेख जवळजवळ सपाट असल्यामुळे पहिल्या मिनिटाला तार उडायचं भय फारसं नाही. वेळ पावणेदोन तासांच्या आसपास. तीन तास नाहीच.

हॅलोजनला तीन बदल सक्तीचे आहेत. प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर काढून धातूचा, ॲक्रिलिकची काच काढून उष्णता सोसणारी खरी काच, आणि प्लॅस्टिकच्या होल्डरऐवजी चिनी मातीचा जी४ होल्डर. हे न करता बल्ब लावला तर आधी रिफ्लेक्टरचं भोक वितळून वाकडं होतं, मग काच फुगते. आणि हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून कोरडी करा. तेलाचा डाग राहिला तर तिथं काच जास्त तापते आणि पांढरट पडून फुगते.

रानदिवा

तंतू यांचं गणित बरोबर आहे, पण इथं गरज तीन तासांची आणि लांब टप्प्याची आहे. हॅलोजन एका वॉटला पंचवीस-तीस ल्युमेन देतो, चांगली एलईडी शंभराच्या वर. इथं एलईडीच घ्यावी.

पण एलईडी म्हटलं की लोक सगळ्यात मोठी घेतात आणि फसतात. टप्पा ल्युमेनवर ठरत नाही, कँडेलावर, म्हणजे एका दिशेला जाणाऱ्या झोताच्या तीव्रतेवर, ठरतो. खोक्यावर जे मीटर लिहितात ते पाव लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड जिथं पडतो तिथपर्यंतचं अंतर असतं. २०० मीटरला पाव लक्स म्हणजे २०० गुणिले २०० गुणिले ०.२५, म्हणजे १०,००० कँडेला. पाव लक्स म्हणजे पौर्णिमेचं चांदणं. तेवढ्यात बांध आहे हे कळेल, बांधावर काय आहे ते कळणार नाही. किमान एक लक्स धरा, म्हणजे ४०,००० कँडेला.

आता ५२ मिमीच्या रिफ्लेक्टरमध्ये एक्सएचपी७० सारखी रुंद एलईडी बसवली तर झोत पसरट होतो. अंगण उजळतं, बांध नाही, आणि सेल मात्र धडाधड उतरतात. त्याच रिफ्लेक्टरमध्ये क्री कंपनीची एक्सपी-जी२ सारखी छोट्या चिपची एलईडी दीड अँपिअरच्या आतबाहेर चालवली तर ४०,००० च्या घरात जाता येतं, तेही पाच वॉटच्या आत. रिफ्लेक्टर मोठा आणि प्रकाशाचा ठिपका छोटा, तरच लांब फेक.

सह्यवाट

चांगला धागा, वाचनखूण साठवली आहे. एक प्रश्न. पावसाळ्यात घाटमाथ्यावर धुकं असतं तेव्हा एलईडीचा पांढरा उजेड समोर भिंतीसारखा उभा राहतो. पिवळा हॅलोजन धुक्यातून आरपार जातो म्हणतात, मग त्याची बाजू का सोडायची?

रानदिवा

आरपार जातो हे खरं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते पिवळा आणि निळा जवळपास सारखाच विखुरतात. डोळ्यांना पिवळ्याची चमक कमी त्रासदायक वाटते, एवढंच. धुक्यात खरा फरक टॉर्च कुठं धरली आहे त्यानं पडतो. डोक्यावर किंवा डोळ्याच्या उंचीला असली तर परत येणारा उजेड सरळ डोळ्यांत येतो. कमरेखाली, हात लांब करून, झोत पावलापुढच्या जमिनीकडे धरा. आणि एलईडी ६५०० केल्विनची घेण्यापेक्षा ४००० ते ५००० ची घ्या. ल्युमेन थोडे कमी मिळतात, पण ओली माती, दगड आणि गवत यांतला फरक कळतो. साप ओळखायलाही हाच रंग बरा.

तंतू

सहमत. रंगाच्या बाबतीत हॅलोजन मला अजूनही जास्त आवडतो, पण तीन तासांची अट असेल तर एलईडीला पर्याय नाही.

मिलीओहम

मग आता सेल ठरवू. बांधावरचा, तुम्हाला मी लिथियम सुचवणार नाही. कारण देतो.

एक्सपी-जी२ ला १.४ अँपिअरवर साधारण ३.१ व्होल्ट लागतात. एएमसी७१३५ या चिपचा ड्रायव्हर (एलईडीला ठरलेलाच करंट देणारं सर्किट) घ्या. एक चिप ३५० मिलीअँपिअर देते, चार चिपा म्हणजे १.४ अँपिअर. चिपला स्वतःला एक-दोन दशांश व्होल्ट लागतात. म्हणजे सेलकडून ३.३ च्या वर मिळालं की उजेड एकसारखा राहतो. तीन एनआयएमएच डी सेल १.४ अँपिअरवर ३.७ च्या आसपास राहतात. जागा तीच, नळी तीच, लिथियमची धास्ती नाही. खरे १०,००० एमएएचचे सेल असतील तर १०,००० भागिले १,४०० म्हणजे सात तास. तुमच्या दोन रात्री एका चार्जवर निघतील.

"खरे" या शब्दावर जोर आहे. बाजारात डी आकाराच्या डब्यात आत एए सेल बसवून विकतात, वर २,५०० किंवा ३,००० एमएएच बारीक छापलेलं असतं. हातात घेतला की कळतं. खरा १०,००० चा सेल १५० ग्रॅमच्या वर भरतो, पोकळ डबा त्याच्या निम्माही नसतो. दुकानात वजनकाटा मागायला संकोच करू नका.

नवा_सदस्य_रात्रपाळी

डी सेल महाग पडतात. तीन एए सेल बसणारे डीचे डबे मिळतात, त्यात एनेलूप (रिचार्जेबल एनआयएमएच एए सेल) घालून चालेल का?

मिलीओहम

चालेल, पण डबा कोणता आहे ते पाहा. बहुतेक डबे तिन्ही सेल समांतर जोडतात, म्हणजे व्होल्टेज १.२ आणि क्षमता तिप्पट, सुमारे ६,००० एमएएच. तुम्हाला हेच हवं. काही डबे मालिकेत जोडणारे असतात, एका डब्यातून ३.६ व्होल्ट. तसे तीन डबे घातले तर १०.८ व्होल्ट होतील आणि ७१३५ चा ड्रायव्हर लगेच जळेल, कारण तो ६ व्होल्टच्या वर टिकत नाही. डबा घेतला की सेल भरून आधी मीटर लावा.

समांतर डब्यात नऊही सेल एकाच कंपनीचे, एकाच वयाचे आणि पूर्ण भरलेले असावेत. एक अर्धवट असेल तर शेजारचे दोन त्याच्यात ओतत बसतात. या डब्यांचे पत्र्याचे स्पर्शबिंदू पातळ असतात. १.४ अँपिअरला ठीक, तंतू यांच्या हॅलोजनला नाही.

चार्जिंगवाला

चार्जरबद्दल कोणी बोललं नाही, आणि सेल मरतात ते बहुधा तिथंच.

एनआयएमएच भरला की त्याचं व्होल्टेज किंचित खाली येतं. चांगला चार्जर ती घसरण ओळखून थांबतो. पण करंट फार कमी असेल तर घसरण एवढी बारीक होते की चार्जरला दिसत नाही. १०,००० च्या सेलला २०० मिलीअँपिअरचा चार्जर लावला तर एकतर साठ तास लागतात, नाहीतर टायमर आधीच बंद करतो आणि सेल अर्धा भरलेला राहतो. डी सेलसाठी किमान १ अँपिअर, जमलं तर २ अँपिअर देणारा, प्रत्येक सेल वेगळा तपासणारा चार्जर घ्या. खाच डीच्या मापाची आहे ना, हेही पाहा, कारण कित्येक "सर्व आकारांच्या" चार्जरमध्ये डी बसतो पण करंट एएचाच मिळतो.

एए एनेलूपला अर्धा ते एक अँपिअर पुरे.

टॉर्च मंद व्हायला लागली की बंद करा. मालिकेतला सगळ्यात अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे दोघे त्याला उलटा चार्ज करतात. दोन-तीनदा असं झालं की तो सेल गेलाच.

लिथियम घेणाऱ्यांसाठी वेगळं. ४.२ व्होल्टच्या चार्जरवर फॉस्फेटचा सेल कधीही लावू नका, त्याची मर्यादा ३.६५ आहे. टीपी४०५६ या चार्जिंग चिपचं पान (सर्किटची पाटी) एका लिथियम-आयन सेलसाठी, किंवा समांतर जोडलेल्या सेलसाठी, आहे. मालिकेतल्या दोन लिथियम-आयन सेलना ८.४ व्होल्टचा चार्जर आणि बॅलन्स करणारा बीएमएस (संरक्षण सर्किट) लागतो. टीपी४०५६ च्या पानावर जे संरक्षण असतं ते साधारण तीन अँपिअरच्या आसपास तोडतं, त्यामुळे "टॉर्च लावली की लगेच बंद होते" ही तक्रार येते ती बहुधा सेलची नसते.

सह्यवाट

आमच्यासारख्या चढाईवाल्यांना तीन डी सेलचं वजन नको. एकच १८६५० घ्यायचा तर कोणता?

रानदिवा

एलईडी किती अँपिअर ओढते त्यावर. तीन अँपिअरपर्यंतच्या टॉर्चला (क्रीची एक्सएम-एल२ आणि आठ ७१३५ चिपा, म्हणजे २.८ अँपिअर) जास्त क्षमतेचा सेल घ्या: पॅनासोनिक एनसीआर१८६५०बी ३,४०० एमएएच किंवा सॅमसंग ३५ई ३,५०० एमएएच. आठ-दहा अँपिअर सरळ ओढणाऱ्या टॉर्चला क्षमता थोडी सोडून रोध कमी असलेला सेल घ्या: सॅमसंग ३०क्यू ३,००० एमएएच, १५ अँपिअर, किंवा २५आर २,५०० एमएएच, २० अँपिअर. मोठ्या करंटवर एनसीआर१८६५०बी लावला तर व्होल्टेज बसतं, उजेड पडतो आणि सेल तापतो.

ज्यावर ९,८०० एमएएच छापलंय तो १८६५० हातातसुद्धा घेऊ नका. त्या आकाराच्या नामांकित सेलमध्ये ३,५००-३,६०० च्या पुढं फार थोडे जातात. चांगला सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. तीसच्या आसपास भरला तर आत माल कमी आहे.

आणखी एक. १८६५० चं पूर्ण डबं ऋण असतं, वरच्या टोकापर्यंत. धन टोकाभोवतीचं वेष्टन फाटलं की टॉर्चच्या नळीला टेकून थेट शॉर्ट. फाटलेलं वेष्टन असेल तर वरची कागदी चकती तपासून नवं हीट-श्रिंक (तापवलं की आवळणारं वेष्टन) चढवा, तोवर सेल वापरू नका. सुटे सेल खिशात किल्ल्यांबरोबर नकोत, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. विमानानं जाणार असाल तर सुटे लिथियम सेल हातातल्या सामानातच न्यावे लागतात.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल एक-दोन अँपिअरला, एकेकटे, चालून जातात. मालिकेत आणि मोठ्या करंटला नकोत. त्यांचं वय आणि रोध एकसारखा नसतो.

बांधावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: तीन खरे डी एनआयएमएच, चार चिपांचा ७१३५ ड्रायव्हर, एक्सपी-जी२. आता बसवायची कशी? कॉलरवाल्या बल्बच्या जागी थेट बसणारी एलईडी घेतली तर सोपं नाही का?

मिलीओहम

बल्बच्या आकाराची एलईडी सोपी खरी, पण तिची उष्णता जायला वाट नसते. कॉलरचा पातळ पत्रा अर्ध्या-एक वॉटला पुरतो, साडेचार वॉटला नाही. शिवाय ती ध्रुव बघते. तारेचा बल्ब सेल उलटे घातले तरी लागतो, एलईडी लागत नाही. कित्येकदा "एलईडी खराब निघाली" म्हणतात तेव्हा सेल उलटे असतात.

बसवायचं असं. नळीच्या तोंडाचा आतला व्यास व्हर्नियरनं मोजा आणि लेथवाल्याकडून त्या मापाची, १५ ते २० मिमी जाडीची ॲल्युमिनियमची चकती घ्या. ती दाबून बसली पाहिजे, हलता कामा नये, कारण उष्णता नळीला त्या स्पर्शातूनच जाणार आहे. एलईडी तांब्याच्या पानावर सोल्डर केलेली विकत घ्या. पान आणि चकती यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा कागदाएवढा पातळ थर द्या. जाड थर उष्णता अडवतो. पान दोन स्क्रूंनी आवळा, आणि स्क्रूचं डोकं सोल्डरच्या टाक्यांना टेकत नाही ना, ते मीटरच्या बीपवर पाहा.

ड्रायव्हर चकतीच्या मागं. त्याची बाहेरची कड ऋण, मधली स्प्रिंग धन. रिफ्लेक्टरचं भोक एलईडीच्या पांढऱ्या घुमटाभोवती मोकळं हवं. धातूचा रिफ्लेक्टर टाक्यांना टेकला तर शॉर्ट होईल, म्हणून खाली फायबरची चकती घाला. झोत जुळवताना दहा मीटरवरच्या भिंतीवर पाहा. मधोमध काळा ठिपका दिसला तर एलईडी केंद्रबिंदूवर नाही, रिफ्लेक्टर किंचित पुढं-मागं करा.

शेवटी मागच्या झाकणाची स्प्रिंग. लोखंडी स्प्रिंग आणि गंजलेलं बटण मिळून सहज ०.१ ओहम खातात, १.४ अँपिअरला ०.१४ व्होल्ट. तुमच्याकडे शिल्लक चार दशांशच आहे, त्यातला तिसरा हिस्सा गेला. स्प्रिंगच्या दोन टोकांमध्ये २२ गेजची सिलिकॉन वेष्टनाची तार सोल्डर करा. तार सैल ठेवा, स्प्रिंग पूर्ण दबली तरी ताणली जाऊ नये. नळीचे आटे बारीक पॉलिश पेपरनं घासून पुसून घ्या, कारण ऋण बाजूचा करंट तिथूनच येतो. ॲनोडाइज केलेला रंगाचा थर वीज वाहत नाही, त्यामुळे झाकणाची कड उघड्या धातूला टेकली पाहिजे.

चार्जिंगवाला

जोडून झालं की सेल भरून तासभर ठेवा, टॉर्च लावा आणि दहा मिनिटांनी ड्रायव्हरच्या दोन टोकांवर मोजा. ३.५ च्या वर असेल तर ठीक. ३.३ किंवा खाली दिसलं तर सेलच्या टोकांवर वेगळं मोजा. तिथं ३.७ आणि ड्रायव्हरवर ३.३ असेल तर दोष बटणात किंवा आट्यांत आहे. सेलवरच ३.३ असेल तर सेल खोटे आहेत, पावती घेऊन दुकानात जा.

बांधावरचा

उद्या लेथवाल्याकडे जातो. नळीचा आतला व्यास आणि दहा मिनिटांनंतरचं रीडिंग इथंच टाकतो.